पेपर किती, वाचले कुणी

नोएडाच्या औद्योगिक सेक्टरांमधून मोबाइल आणि तयार कपडे बाहेर पडतात, हे सगळ्यांना ठाऊक असते. तिथूनच रोज जगभरच्या वैद्यकीय आणि पशुवैद्यकीय जर्नलांची पाने जुळून बाहेर पडतात, हे फारसे कुणाच्या कानावर नसते. युरोप-अमेरिकेतल्या मोठ्या प्रकाशकांनी गेल्या काही दशकांत अक्षरजुळणी आणि संदर्भतपासणीचे काम चेन्नई, पुदुच्चेरी आणि नोएडा इथल्या कंपन्यांकडे सोपवले. एखाद्या शास्त्रज्ञाला किती सायटेशन मिळाले, हा जो आकडा पुढे त्याच्या नावापुढे लागतो, त्याचा जन्म अशाच एखाद्या टेबलावर होतो.

पेपरच्या शेवटी संदर्भसूची असते, साधारण तीस-चाळीस नोंदींची. टेबलावरचा कर्मचारी एकेक नोंद सुटी करतो: लेखकाचे आडनाव, आद्याक्षरे, जर्नलचे संक्षिप्त नाव, साल, खंड, पहिले पान. प्रत्येक तुकड्याभोवती संगणकाला कळणारी खूण घालतो आणि त्या पेपरचा डीओआय, म्हणजे त्याचा कायमचा ओळख क्रमांक, शोधून जोडतो. जोडणी बरोबर झाली की मूळ पेपरच्या खात्यावर एक सायटेशन जमा होते. पान क्रमांक चुकला, साल पुढेमागे झाले, तर ते सायटेशन भलत्याच्या खात्यावर जाते किंवा कुणाच्याच जात नाही.

भारतीय नावांची अडचण आणखी वेगळी. ‘कुमार ए’ किंवा ‘सिंग एस’ या नावाने जीववैद्यकीय नोंदकोशात शोधले की हजारो माणसे एका रांगेत उभी राहतात. आपल्याकडे ‘पाटील एस’ची तीच गत. २०१२ पासून ऑर्किड नावाचा सोळा अंकी क्रमांक शास्त्रज्ञांना मिळू लागला तो याच घोळातून सुटायला. संस्थांनाही हा त्रास होतो. नोएडाच्या सेक्टर ३९ मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर दीर्घकाळ काम करणारी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची संस्था आहे. १९७९ मध्ये ती दिल्लीत सायटॉलॉजी रिसर्च सेंटर म्हणून सुरू झाली, पुढे इन्स्टिट्यूट ऑफ सायटॉलॉजी अँड प्रिव्हेन्टिव्ह ऑन्कोलॉजी झाली आणि आता राष्ट्रीय कर्करोग प्रतिबंध व संशोधन संस्था आहे. काम सलग चालू राहिले, पण पेपरांवर पत्ते तीन. कुणी घाईने एकाच नावाने मोजणी केली तर संस्थेचे आयुष्यच कापले जाते.

सायटेशन मोजण्याची कल्पना यूजीन गारफील्ड यांची. १९५५ मध्ये त्यांनी ‘सायन्स’मध्ये ती मांडली आणि १९६४ मध्ये सायन्स सायटेशन इंडेक्स बाजारात आणला. त्यांना नमुना मिळाला तो अमेरिकन वकिलांकडून: जुना निकाल पुढच्या कोणकोणत्या खटल्यांत उद्धृत झाला, याच्या सूची तिथे १८७३ पासून छापल्या जात होत्या. गारफील्ड यांचा मूळ हेतू शोध घेण्याचा होता. एखादा पेपर हाती आला की त्याच्यावर पुढे कुणी काय बांधले, कुणी काय खोडले, हे सापडावे. माणसे तोलायचे माप म्हणून त्याचा सर्रास वापर नंतर सुरू झाला. २००५ मध्ये होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने एच-इंडेक्स दिला आणि मग सगळे कामच सोपे झाले, माझ्या मते फारच सोपे झाले. शास्त्रज्ञाचे पेपर सायटेशनच्या उतरत्या क्रमाने मांडायचे. विसाव्या पेपरला २१ सायटेशन आणि एकविसाव्याला १९ असतील, तर एच-इंडेक्स २०. या रीतीचा एक परिणाम लगेच ध्यानात येत नाही. ज्याने आयुष्यात तीनच पेपर लिहिले, त्याचा एच-इंडेक्स तीनच्या वर कधीच जाऊ शकत नाही, मग त्या तीन पेपरांनी जग का बदललेले असेना.

अशी एक नोंद मुंबईची आहे. ३ मे १९५२ च्या ‘लॅन्सेट’मध्ये जेमतेम दोन पानांचा एक पेपर आला. लेखक सात. पहिली तीन नावे मुंबईची: डॉ. वाय. एम. भेंडे, डॉ. सी. के. देशपांडे, डॉ. एच. एम. भाटिया. पुढची चार लंडनची: सँगर, रेस, मॉर्गन, वॉटकिन्स, म्हणजे त्या काळचे रक्तगटशास्त्रातले दिग्गज. मुंबईतल्या काही माणसांचे रक्त कुठल्याच ठाऊक गटात नीट बसत नव्हते. त्याचे कारण समजून घ्यायला थोडे रक्ताकडे पाहावे लागते. तांबड्या पेशींवर आधी एच नावाचा पाया तयार होतो. त्या पायावर शर्करेचा एक प्रकार चढला की ए गट, दुसरा चढला की बी, दोन्ही चढले की एबी आणि काहीच चढले नाही तर ओ. मुंबईच्या या माणसांत पायाच नव्हता. नेहमीच्या चाचणीत ती ओ गटाची दिसत. पण ओ गटाच्या पेशींवर एच सर्वांत जास्त असतो, आणि या माणसांच्या रक्तद्रवात एचविरुद्ध जोरदार प्रतिपिंडे असतात. म्हणजे ‘ओ’ समजून ओ रक्त चढवले तर जीवच जायचा. त्यांना चालते ते फक्त त्यांच्यासारख्याच दुसऱ्या माणसाचे रक्त. भारतात साधारण दहा हजारांत एक असा माणूस सापडतो, असे सांगितले जाते.

हा शोध ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ या नावाने जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेला, आणि तिथेच सायटेशनच्या हिशेबाचा एक विचित्र नियम त्याला लागू झाला. शोध जितका पक्का, जितका सर्वांच्या अंगवळणी पडलेला, तितका त्याचा मूळ पेपर उद्धृत करायची गरज कमी होत जाते. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी हे नेमके टिपले होते: ज्ञान अंगी मुरले की त्याचा उगम पुसला जातो. आज बॉम्बे गटावर लिहिणारा माणूस ताज्या जनुकीय अभ्यासाचा हवाला देतो, फार तर एखाद्या परामर्श लेखाचा. भेंड्यांचे नाव क्वचित येते. प्रयोगपद्धतीच्या पेपरचे नेमके उलटे होते. प्रथिने मोजण्याची रीत सांगणारा लाउरी यांचा १९५१ चा पेपर तीन लाखांहून अधिक वेळा उद्धृत झाला, कारण ती रीत वापरणारा प्रत्येकजण तसे लिहितो. बॉम्बे गटाच्या माणसाचा जीव वाचवणारा रक्तपेढीतला तंत्रज्ञ मात्र पेपर लिहीत नाही. तो फक्त चाचणी करतो.

नोएडाच्या सेक्टर ६२ मधल्या राष्ट्रीय जैविक संस्थेत अशा न मोजलेल्या वापराचा पसारा दिसतो. रक्तगट तपासायची रसायने, एचआयव्ही आणि काविळीच्या चाचणीची किट, रक्तापासून बनवलेली औषधे यांचा दर्जा तिथे तपासला जातो. रक्त चढवल्यावर कुणाला त्रास झाला, तर देशभरच्या रक्तकेंद्रांतून त्याच्या नोंदी डिसेंबर २०१२ पासून चालू असलेल्या हिमोव्हिजिलन्स कार्यक्रमाखाली तिथेच जमा होतात. गटाची चाचणी दोन्ही बाजूंनी करायची, पेशींचीही आणि रक्तद्रवाचीही, या नियमाचे महत्त्व बॉम्बे गटाइतके स्पष्ट दुसरे काही दाखवत नाही. तरी यातले काहीच सायटेशनच्या खात्यात जमा होत नाही. संस्थेचे मोल तिच्या पेपरांवरून ठरवणारा माणूस तिच्या दारापर्यंतही पोचलेला नसतो, असे मला ठामपणे वाटते.

आता महाडकडे येऊ, कारण पेपर का लिहायचा याचे उत्तर तिथे मिळते.

डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे जालना जिल्ह्यातले. १९७६ मध्ये ते महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचू चावला की धडधाकट माणूस, विशेषतः मूल, एका रात्रीत दगावायचे. वेदनेसाठी इंजेक्शन, उतारा, मंत्र, सगळे व्हायचे आणि पहाटे रुग्ण फेसाळ थुंकी टाकत, धापा टाकत मरायचा. इस्पितळात पोचलेल्या गंभीर रुग्णांतला चौथा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त त्या काळी जात असे. पाठ्यपुस्तकांत यावर काही ओळीच होत्या, आणि त्या वाचून रुग्ण वाचत नव्हता.

बावस्करांनी केले ते असे: रात्रभर खाटेशेजारी बसून टिपणे काढली. दंशानंतर वांती कधी, घाम किती, लाळ, हातपाय गार पडणे, मुलग्यांमध्ये शिश्नाचा ताठरपणा, नाडी, रक्तदाब. ही लक्षणे दिसली की हृदयावर हल्ला व्हायचा आहे, हे त्यांनी ताडले. १९८२ मध्ये हे निरीक्षण ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले, लेखक एकटे बावस्कर. लाल विंचवाचे विष चेतातंतूंमधल्या सोडियमच्या वाटा उघड्या ठेवते. शरीर अॅड्रेनलिनच्या जातीच्या रसायनांनी भरून जाते, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय त्या दाबाविरुद्ध झगडत थकते आणि फुप्फुसांत पाणी भरते. मग या आवळण्यालाच अटकाव करणारे औषध का देऊ नये? प्रॅझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी तेव्हा बाजारात होती. ती त्यांनी दिली आणि रुग्ण वाचू लागले. १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रॅझोसिनवरचा पेपर आला, त्यावर डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचेही नाव होते. मृत्यूचे प्रमाण पुढे शंभरात चारच्याही खाली आले.

या कामाचे आणखी एक टोक घोड्यांपर्यंत जाते. विंचूदंशावरचे प्रतिविष तयार करायला घोड्याला विषाच्या अगदी लहान मात्रा चढत्या क्रमाने टोचतात. त्याच्या रक्तात प्रतिपिंडे तयार झाली की रक्तद्रव काढून ती शुद्ध करतात. त्या घोड्याची निगा, त्याच्या मात्रेचा अंदाज, त्याचे रक्त किती आणि कधी काढायचे, हे सगळे पशुवैद्यकाचे काम. प्रतिविष आणि गोळी एकत्र दिली तर काय होते, हे बावस्कर दांपत्याने महाडमध्ये ७० रुग्णांवर तपासले. निम्म्यांना नुसते प्रॅझोसिन, निम्म्यांना दोन्ही. दहा तासांत पूर्ण बरे झाले ते दोन्ही दिलेल्या ३५ पैकी ३२, आणि नुसत्या गोळीच्या ३५ पैकी ८. हा पेपर २०११ मध्ये ‘बीएमजे’त आला. २०२२ मध्ये बावस्करांना पद्मश्री मिळाली.

महाडच्या या पेपरांचा आकडा काढला तर तो मोठ्या प्रयोगशाळेच्या प्रमुखापुढे लहान भरेल. तशी तुलनाच चुकीची आहे. मोठ्या प्रयोगशाळेत वीस-पंचवीस विद्यार्थी असतात, प्रत्येकाच्या पेपरवर प्रमुखाचे नाव असते. बावस्करांनी रुग्ण पाहून उरलेल्या वेळात लिहिले. आणि लिहिले नसते तर? गोळी महाडपुरतीच राहिली असती. छापलेल्या पानामुळे ती कोकणातून बाहेर पडली आणि विंचवांचा उपद्रव असलेल्या इतर प्रदेशांतल्या डॉक्टरांच्या हाती आली. पेपर लिहिण्याला मी म्हणूनच फार मान देतो. जिल्हा रुग्णालयात आणि तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात रोज असे काही दिसत असते, जे कुठेच लिहिले जात नाही, आणि पाहणाऱ्याबरोबर निवृत्त होते.

लिहिण्याची सक्ती झाली की मात्र वेगळेच पीक येते. वैद्यकीय महाविद्यालयात बढतीला पेपर लागतात, प्राध्यापकीला लागतात, पीएचडीला काही वर्षे लागत होते. मागणी वाढली तशी पैसे घेऊन काहीही छापणारी जर्नले उगवली. विद्यापीठ अनुदान आयोगाने जर्नलांची मान्य यादी काढली, तर तीत तीच जर्नले शिरली. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातले भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी विद्यापीठांनी सुचवलेल्या जर्नलांचा नमुना तपासला आणि ‘करंट सायन्स’मध्ये २०१८ मध्ये लिहिले की त्यांतली ८८ टक्के दर्जाहीन असावीत. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४,३०५ जर्नले यादीतून काढली. नवी ‘केअर’ यादी सांभाळण्याचे काम पुण्यातच आले. २०२५ मध्ये तीही बंद झाली आणि निवड पुन्हा संस्थांवर सोडली गेली.

आता दरवर्षी पावसाळा संपता संपता दुसरी यादी गाजते: स्टॅनफर्डचे जॉन इओॲनिडिस आणि सहकाऱ्यांनी काढलेली, आपापल्या उपविषयात सायटेशनमध्ये वरच्या दोन टक्क्यांत असलेल्या शास्त्रज्ञांची. दिल्लीच्या आसपासची खासगी विद्यापीठे आपल्या किती प्राध्यापकांची नावे तीत आली याच्या जाहिराती देतात. ज्यांनी ही यादी केली, त्यांनी स्वतःचेच पेपर उद्धृत केलेले सायटेशन वगळून वेगळा रकानाही दिला आहे. जाहिरातीत तो रकाना येत नाही. वाचणाऱ्याने मूळ तक्त्यात जाऊन तोच आधी बघावा. दोन्ही रकान्यांतल्या क्रमांकांत मोठी दरी असेल, तर विचारायचा प्रश्न तिथेच आहे.

पशुवैद्यकात तर हे आकडे आणखी जपून वाचावे लागतात. करोनाविषाणूंवर पशुवैद्यक किती तरी आधीपासून काम करत होते: कोंबड्यांतला संसर्गजन्य ब्राँकायटिस १९३० च्या दशकापासून अभ्यासला गेला आहे, मांजरे आणि डुकरे यांतले करोनाविषाणूही. २०२० मध्ये या मंडळींनी परामर्श लेख लिहिले आणि सगळे जग त्यांच्याकडे वळले. २०२० आणि २०२१ मध्ये छापलेल्या पेपरांपैकी सर्वाधिक उद्धृत झालेल्या शंभरांत ९८ कोविडवरचे होते, असे इओॲनिडिस यांनीच दाखवले. एखाद्या पशुवैद्यकाच्या सायटेशनचा आलेख त्या दोन वर्षांत अचानक उंच गेलेला दिसला, तर त्यात त्याची गफलत नसते. पण त्याच्या शेजारच्या टेबलावर शेळ्यांच्या परजीवींवर तीस वर्षे काम करणारा सहकारी त्यामुळे लहानही ठरत नाही.

रोग नाहीसा झाला तर काय होते, हे बुळकांड्याच्या बाबतीत घडले. या रोगाने एके काळी खेड्यातले गोठेच्या गोठे रिकामे केले. १९२० च्या दशकात मुक्तेश्वरच्या प्रयोगशाळेत जे. टी. एडवर्ड्स यांनी विषाणू शेळ्यांतून वारंवार नेऊन सौम्य केला; ती लस भारताच्या निर्मूलन मोहिमेची सुरुवातीची मदार होती. ही प्रयोगशाळा मूळ १८८९ मध्ये पुण्यात सुरू झाली होती, थंड हवेसाठी कुमाऊँच्या डोंगरात गेली. २०११ मध्ये जगातून बुळकांडी संपल्याचे जाहीर झाले. रोग संपला की त्यावर काम करणारे संपतात, आणि मग पेपर उद्धृत करायला उरते कोण? यशाने इथे सायटेशन आटवले.

माकडतापाचे याच्या अगदी उलट झाले. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात वानरे आणि माकडे मरू लागली आणि पाठोपाठ माणसे तापाने फणफणली. पीतज्वर भारतात आला की काय, ही भीती आधी होती. पुण्याच्या तेव्हाच्या व्हायरस रिसर्च सेंटरने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, मेलेली माकडे, गोचिडी आणि रुग्ण तिन्ही तपासून नवा विषाणू वेगळा केला. त्यातले पहिले वर्णन भारतीय वैद्यकीय जर्नलातच छापले गेले. आजार पश्चिम घाटाच्या एका पट्ट्यापुरता, त्यावर काम करणाऱ्या प्रयोगशाळा हातांच्या बोटांवर मोजण्याइतक्या. म्हणजे उद्धृत करणारेही तितकेच. कर्करोगावरच्या एका मध्यम पेपरला वर्षभरात जेवढे सायटेशन मिळते, तेवढे माकडतापाच्या चांगल्या पेपरला दहा वर्षांत मिळत नाही. २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात माकडताप आला आणि काजूच्या बागांत, जंगलात जाणारी माणसे आजारी पडली. मेलेले माकड दिसले की कळवा, जंगलात जाताना अंगाला गोचीड प्रतिबंधक लावा, परत आल्यावर गरम पाण्याने अंघोळ करा, हे गावोगाव सांगितले गेले. गोचिडी हा आजार पसरवतात आणि माकडांचे मरण ही पहिली सूचना असते, हे पुण्याच्या त्या पथकाने साठ वर्षांपूर्वी जंगलात फिरून लिहून ठेवलेले होते.